मुंजाला विटाळ होत नाही काय?

दोस्त हो, एका सिनेमावरून आमच्या वस्तीत भांडण पेटलं. दोन रात्री चाललं. मी गोदीतला मजूर, शिक्षण मॅट्रिक, कविता करतो. सिनेमातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण त्या भांडणात माझ्या घराचं एक जुनं दुखणं उघडं पडलं, म्हणून हे लिहायला बसलो.

गोष्ट ओझरची. नाशिकजवळचं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं ओझर. इथं १९६४ पासून विमानाचा कारखाना आहे. मिग झालं, सुखोई झालं. डोक्यावरून आवाजाच्या पुढं धावणारी विमानं जातात आणि खाली माणूस तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना अजून भरभर पाय उचलतो. कुणाची टिंगल म्हणून सांगत नाही. माझा पण पाय उचलतो.

मे महिन्यात मी न्हावा-शेव्याहून घरी आलो होतो. द्राक्षांचे कंटेनर संपले की कंत्राटी माणसाला सुट्टी मागावी लागत नाही, मुकादम स्वतःहून देतो. बिनपगारी. वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर भाड्यानं आणला होता. पडदा नव्हता. विहाराच्या मागच्या भिंतीला जयंतीच्या वेळी चुना मारलेला, पांढरीफेक भिंत. पोरं म्हणाली, हाच आपला पडदा. आणि सिनेमा कुठला? तर 'मुंज्या'.

झालं. मामा उठून उभे राहिले. मामा कारखान्यातून रिटायर, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "ज्या भिंतीच्या आत वंदना होते त्याच भिंतीवर बामणाच्या पोराचं भूत नाचवता? बाबासाहेबांनी १९५६ ला जे घराबाहेर काढलं ते तुम्ही प्रोजेक्टरनं परत आत घेता का रं?" पोरं म्हणाली, "मामा, कॉमेडी हाय. हसायचं आन् सोडायचं." मामा म्हणाले, "हसत हसतच शिरतंय ते." शेवटी बायांनी निकाल दिला. त्या चटया घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. सिनेमा लागला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'मुंज्या' ७ जून २०२४ ला आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. भाषा हिंदी, पण घर मराठी, भूत मराठी, कोकण आपलं. १९५२ साल. गोट्या नावाचा बामणाचा पोरगा, त्याच्याहून वयानं मोठ्या मुन्नीवर त्याचं मन. तिचं लग्न दुसऱ्याशी होतं, याची मुंज लावतात. हा रात्री चेटुकवाडीत जातो, मुन्नी मिळावी म्हणून सख्ख्या लहान बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. त्याचा होतो मुंज्या. पुढं सत्तर वर्षांनी तो त्याच घराण्यातल्या बिट्टू नावाच्या भित्र्या पोराच्या मानगुटीवर बसतो आणि एकच धोशा लावतो, लगीन लावून दे. मग भूत पकडायला येतो एल्विस करीम प्रभाकर. नावातच तीन धर्म. पळापळ, मारामारी, मंत्रतंत्र, दर दोन मिनिटाला हशा. भारतात शंभर कोटींच्या वर धंदा झाला या सिनेमाचा. म्हणजे तो नुसता आमच्या भिंतीवर नव्हता, देशभर होता. म्हणून त्याच्यावर बोललं पाहिजे.

सिनेमा संपल्यावर कुणी उठेना. मतं सुरू झाली.

पहिलं मत प्रोजेक्टर आणणाऱ्या पोरांचं. डोकं घरी ठेवून बघायचं, मजा करायची. या मताला मी थुंकून लावणार नाही. आपल्यातले काही विद्वान प्रत्येक हशाचा हिशेब मागतात. जो माणूस दिवसभर ओझं वाहतो त्याला दोन तास फालतू हसायचा हक्क आहे. चळवळीच्या नावाखाली तो हक्क काढून घेणारा मला दुसरा मुकादमच वाटतो. पण डोकं घरी ठेवायचं म्हटलं तर ते नक्की कुणाच्या ताब्यात ठेवायचं, हे पोरांनी सांगितलं नाही.

दुसरं मत कॉलेजात जाणाऱ्यांचं. म्हणे ग्राफिक्स कच्चं आहे, त्यापेक्षा इंग्रजी 'व्हॅन हेल्सिंग' बघा. मी तो टीव्हीवर हिंदीत पाहिलेला. २००४ चा सिनेमा. मोठी टोपी घातलेला ह्यू जॅकमन ड्रॅक्युला, लांडगामाणूस, सगळ्यांच्या मागं धावतो. ड्रॅक्युला मुळात ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला, भूत मारणारा म्हातारा प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग पण तिथलाच. सिनेमावाल्यांनी त्याला जवान केला, हातात यंत्राचा तीरकमान दिला. आता त्यातली सुरवात आठवा. मेलेल्या माणसांचे तुकडे जोडून बनवलेला तो फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस पवनचक्कीत लपतो आणि गावकरी मशाली घेऊन चक्की पेटवून देतात. त्यानं गावाचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. तो दिसायला वेगळा होता आणि गावाबाहेरचा होता. तिथं मला हसू आलं नाही. मशाली घेऊन धावणारा गाव आम्हाला पडद्यावर बघायची गरज नाही. खैरलांजी २००६ सालची आहे, दोस्त हो, १८८७ च्या ट्रान्सिल्व्हानियातली नाही. भूत मारायच्या सिनेमात पहिला प्रश्न हाच विचारायचा. भूत कुणाला ठरवलंय आणि ठरवलं कुणी?

तिसरं मत माझ्या मावसबहिणीचं, ती कॉलेजला रोज बसनं जाते. ती म्हणाली, "मला भूत म्हणून त्याची भीती नाही वाटली. असला मुंज्या मला रोज स्टँडवर भेटतो. नको म्हटलं तरी लगीन, नाही म्हटलं तरी लगीन. त्याच्या केसाला जटा नाहीत एवढंच." बाया हसल्या, बापे गप्प झाले. मला वाटतं त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं समीक्षण हेच. सिनेमानं हे एक काम चोख केलंय. 'ती माझीच' म्हणणाऱ्या पोराला त्यानं हिरो नाही केला, भूत केला. आपल्या चळवळीतल्या पोरांनी पण हे स्वतःशी ताडून बघावं. मोर्चात पुढं आणि गल्लीत मुंज्या, असे आपल्यात पण आहेत.

चौथं मत मामांचं. त्यावर पोरांनी मामांनाच पकडलं. "मामा, तुम्ही 'पुराना मंदिर' कितींदा पाहिला?" मामा आधी हूं का चूं करेनात, मग म्हणाले, "तीनदा." सगळे हसले, मामा पण हसले. रामसे बंधूंचा तो सिनेमा १९८४ चा. त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ ला आला, म्हणजे पँथर निघाली त्याच वर्षी. रामसेंची सगळी भावंडं मिळून सिनेमा करायची, थोड्या पैशात, थोड्या दिवसांत. 'पुराना मंदिर'मधला तो ताडमाड सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल शिकलेला इंजिनियर होता. पण गोष्ट काय? राजाच्या हुकमानं सामरीचं मुंडकं कापतात, धड एकीकडं, मुंडकं पेटीत दुसरीकडं. तो शाप देतो, तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. शाप राजाच्या घराण्याला, रडणं राजाच्या घराण्याचं, सुटका त्रिशूळानं. आपण तंबूत बसून कुणासाठी जीव मुठीत धरला? तर राजासाठी.

ही खोड जुनी आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्या कथेत राजाचं सगळ्यात मोठं दुःख काय? मसणात डोंबाचा चाकर व्हावं लागतं हे. राजाला चार दिवस आपलं काम करावं लागलं म्हणून लोक रडले. पिढ्यान् पिढ्या तेच काम करणाऱ्या डोंबासाठी कुणाच्या डोळ्यात पाणी आलं?

आता मुद्द्यावर येतो. भुताला जात असते.

हसू नका, हिशेब करा. मुंजा कोण? मुंज झालेला, सोडमुंज न झालेला पोरगा मेला तर मुंजा. म्हणजे जानवं घातल्याशिवाय मुंजा होताच येत नाही. आरक्षण तिथं कडक आहे. ब्रह्मराक्षस तर नावातच सांगतो. खवीस म्हणजे मुसलमानाचं. हडळ म्हणजे बाई, बाळंतपणात नाहीतर मनातलं मनात ठेवून मेलेली. जिवंतपणी हाल, मेल्यावर बदनामी. ज्याला त्याला आपापलं झाड, आपापला पार, आपापला नैवेद्य. कितीक गावांत मुंजोबाचं देऊळ आहे. पण वेठीला राबून मेला त्याचं झाड कुठलं? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडता फोडता उन्हानं पडला त्याचा पार कुठाय?

मी पहिली दोन वर्षं मुंबईच्या गोदीत काढली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' बोट फुटली. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला. शेकडो माणसं मेली. आगीशी झुंजताना मेलेल्या बंबवाल्यांची आठवण दर वर्षी काढतात, ती काढलीच पाहिजे. पण त्यात मेलेल्या हमालांची नावं कुणाला पाठ आहेत? मी तिथं रात्रपाळ्या केल्या. धक्क्यावर एकटा बसून डबा खाल्ला. एकाही हमालाचं भूत मला भेटलं नाही. भूत असतं तर त्या गोदीत पाय ठेवायला जागा उरली नसती. भूत व्हायला पण कुणीतरी आठवण ठेवणारं लागतं. हमालाचं भूत होत नाही, कारण हमालाचं नावच कुणी लिहून ठेवत नाही.

याच सरपोतदारानं आधी २०२२ ला मराठीत 'झोंबिवली' केला. डोंबिवलीत एकीकडं टॉवर, दुसरीकडं झोपडपट्टी आणि भांडण पाण्याचं. तिथं निदान पाण्याचा सवाल तरी होता. पण बघा, झोंबीला नाव नसतं, गर्दी असते. हात पुढं करून चालत येणारी गर्दी, तिला हाणायचं, चिरडायचं, पुढं जायचं. आणि 'मुंज्या'त एका घराण्याच्या पोराला जन्मसाल, आई, बहीण, प्रेम, झाड, सगळं आहे. दोन्ही सिनेमे मी हसत पाहिले. घरी आल्यावर वाटलं, मेल्यावर पण आपल्या वाट्याला गर्दीच आली.

माझा आजा सांगायचा, गावाची रात्रीची राखण आपल्याकडं होती. अमावस्या असो, पटकी असो, वेशीबाहेर आपणच. मसणाची लाकडं आपण वाहायची. भूत असतं तर सगळ्यात आधी आपल्याला भेटलं असतं. गावातले लोक उतारा टाकायचे, भात, अंडं, कधी नारळ, तिठ्यावर. भुकेली पोरं तो रात्रीत खाऊन टाकायची. आजानं पण खाल्लेला. आजा चांगला म्हातारा होऊन मेला. यापेक्षा मोठा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत होणार?

मग पडद्यावरचा तो भूत पकडणारा एल्विस करीम प्रभाकर. तो झालाय सत्यराज. बाहुबलीतला कटप्पा म्हणून सगळे ओळखतात. पण याच सत्यराजनं २००७ च्या तमिळ सिनेमात पेरियार रामस्वामींची भूमिका केलीय. देव आणि बामणशाही या दोन्हीला ज्यानं आयुष्यभर आव्हान दिलं, त्या पेरियारांचा वेश चढवलेला माणूस इथं ताईत घालून मंत्र पुटपुटतो. पोटासाठी नट काहीही करतो, मी पण पोटासाठी कुणाचाही माल उचलतो. त्याला दोष नाही. पण मला हसू आलं ते वेगळंच. खरा भूत उतरवणारा त्यानं आधीच केला होता. पेरियारांनी एकच गोष्ट केली, घाबरणाऱ्याला विचारलं की तुझ्या घाबरण्यात फायदा कुणाचा? आपल्याकडं जोतिबांनी तेच १८५५ ला 'तृतीय रत्न' नाटकात दाखवलं. गरोदर कुणबीण, दारात जोशी, ग्रहांची भीती आणि घरातलं किडूकमिडूक जोशाच्या झोळीत. भूत नाही, नुसती भीती. भीतीचाच धंदा. 'मुंज्या' या धंद्याला हात लावत नाही. तिथं भूत खरंच असतं, म्हणून उतरवणारा पण खराच ठरतो. मामांचं म्हणणं इथं बरोबर आहे आणि मी ते भर वस्तीत कबूल केलं.

आता माझ्या घराचं सांगतो. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

मी सात वर्षांचा होतो. ताई बारा वर्षांची. उन्हाळ्यात आजोळी गेलो होतो. ताईला ताप भरला, बडबडायला लागली, डोळे फिरवायला लागली. आमचं घर बौद्ध. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो. पण भीती पुढच्या दारानं येत नाही, मागच्या दारानं येते. भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, पोरगी पिंपळाखालून गेली, मुंजा लागलाय. तीन रात्री मिरच्यांची धुरी दिली. लिंबाच्या फोकानं मारलं. ती ओरडायची, तर म्हणायचे, ती नाही, तो ओरडतोय. मी दारामागून बघत होतो. चौथ्या दिवशी पहाटे जीप मिळाली. दवाखान्यात म्हणाले, दोन दिवस आधी आणायला पाहिजे होती. एवढंच म्हणाले आणि चादर ओढली.

मी तेव्हा लहान होतो, विचारता आलं नाही. आज विचारतो. ज्याच्या बापजाद्यांना आमच्या सावलीचा विटाळ व्हायचा, आमचा हात लागला तर पाणी बाटायचं, तो मेल्यावर आमच्या पोरीच्या अंगात कसा शिरला? तिथं सोवळं आडवं आलं नाही? मुंजाला विटाळ होत नाही काय? हा एक सवाल त्या रात्री घरातल्या एकानं जरी विचारला असता, तरी ताई जीपमध्ये पहिल्याच दिवशी बसली असती. भगत बामण नव्हता, आपल्यातलाच होता. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. दुसऱ्याचं भूत आपणच आपल्या पोरीच्या अंगात घातलं.

नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या घातल्या, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्यानं आता असल्या भगताला आत टाकता येतं. पण त्यासाठी कुणीतरी चौकीवर जायला लागतं आणि जायला आधी डोकं ताळ्यावर लागतं. बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण त्या पाठ केल्या. तापात बडबडणाऱ्या पोरीच्या उशाशी बसून त्या आठवायच्या असतात, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

तर त्या रात्री सगळे मत देत होते आणि माझी आई सगळ्यात मागं, हातपंपाजवळ बसली होती. ती सिनेमा बघायला येईल असं मला वाटलं नव्हतं. 'मुंजा' हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. सिनेमाभर मी तिच्याकडं चोरून बघत होतो. सगळे हसत होते, ती हसत नव्हती. शेवटी माझ्या बहिणीनं विचारलं, "मावशी, तुला कसा वाटला?"

आई थोडा वेळ भिंतीकडंच बघत राहिली. भिंत आता पांढरी होती. मग म्हणाली, "एवढासा तर होता." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "ह्याला भ्यायलो व्हय आपण?"

कुणी काही बोललं नाही. मामा पण नाही.

दोस्त हो, माझं मत आता ऐका. मी मामांच्या बाजूचा पण नाही आणि पोरांच्या बाजूचा पण नाही. सिनेमा बंदीनं भूत जात नाही, ते पिंपळावर जाऊन बसतं. ज्याला अठरा-वीस वर्षं आई मनातल्या मनात भीत होती, तो कापसाच्या बाहुल्यासारखा भिंतीवर उड्या मारताना तिनं पाहिला आणि तिची भीती त्याच्यापेक्षा मोठी होती हे तिला कळलं. हे काम आपल्या शंभर भाषणांनी झालं नव्हतं. ते एका उथळ, गोंगाटी, बाजारू सिनेमानं झालं. त्याच्या करणाऱ्यांच्या मनात ते असो नसो. पण ते नुसत्या सिनेमानं पण झालं नाही. सिनेमा संपल्यावर लोक बसून राहिले, बोलले, म्हणून झालं. थेटरात दिवे लागले की लोक पॉपकॉर्न झटकून घरी जातात आणि भूत त्यांच्याबरोबर घरी जातं.

म्हणून दुसऱ्या रात्री असं ठरलं. सिनेमा दाखवायचा, कुठला पण, भुताचा पण. संपला की दिवा लावायचा आणि अर्धा तास बसायचं. भूत कुणाचं होतं, मेलं कोण, फायदा कुणाचा, हे ज्याला त्याला बोलू द्यायचं. आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, सिनेमा चालू असताना पण दिसेल असा, १०८ हा दवाखान्याच्या गाडीचा नंबर लिहायचा.

निळा रंग मामांनीच आणला. आकडे मी काढले. माझं अक्षर चांगलं नाही, पण पिंपळापासून वाचता येतं.